नऊ गावांची दरी

तिबेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फाचे डोंगर, लाल वस्त्रांतले लामा आणि ल्हासाचा तो उंच राजवाडा येतो. पण तिबेटी माणसं फक्त तेवढ्याच भागात राहत नाहीत. तिबेटच्या पठाराची पूर्वेकडची कड जिथे खाली उतरू लागते, तिथे चीनचा सिचुआन प्रांत आहे. त्याच्या उत्तरेच्या डोंगरांत तिबेटी गावं पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आहेत. तिथल्या एका दरीची माहिती आज आपण घेऊ. तिचं नाव जिऊझायगोऊ. नाव अवघड वाटतं, पण फोड सोपी आहे. जिऊ म्हणजे नऊ, झाय म्हणजे कुंपणाचं गाव आणि गोऊ म्हणजे दरी. नऊ गावांची दरी.

हा विषय का घेतला तेही सांगतो. आमच्या बचत गटांच्या बैठकीत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. गावाला पाहुणे येऊ लागले, तर जेवण, मुक्काम, चहा-भजी यातून बायकांच्या हाती काय पडेल? या दरीत हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच येऊन ठेपला. तिथे जे घडलं ते ऐकण्यासारखं आहे. पण आधी दरी पाहू या, कारण ती फारच सुंदर आहे.

दरीचा आकार गोफणीच्या बेचकीसारखा आहे. खाली एक दांडा आणि वर दोन फाटे. दांड्याच्या तोंडाशी प्रवेशद्वार आहे, ते सुमारे २००० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे आपलं सगळ्यात उंच शिखर जिथे संपतं त्याच्याही वर ही दरी सुरू होते! आजूबाजूची शिखरं तर ४००० मीटरच्या पुढे जातात. आत शंभराहून अधिक तळी आहेत. काही परसातल्या हौदाएवढी, काही कोसभर लांब. समुद्र तिथून फार दूर, म्हणून की काय, तिथली माणसं या तळ्यांना समुद्राची लेकरं म्हणतात.

तळ्यांचा रंग हीच तिथली नवलाई. एक तळं मोरपंखी, एक गर्द निळं, एक पोपटी, आणि एकाच तळ्यात चार-पाच छटा शेजारी शेजारी. पंचफुलांचं तळं म्हणून एक आहे, त्याच्या तळाशी जुनी झाडं आडवी पडलेली दिसतात. पाणी इतकं नितळ की ओंडक्याची फांदी न्‌ फांदी मोजून घ्यावी.

हा रंग येतो कुठून? कोणी काही मिसळलेलं नाही. याचं उत्तर आपल्या न्हाणीघरात आहे. बोअरचं जड पाणी रोज तापवलं की बंबाच्या आत आणि पातेल्याच्या बुडाला पांढरं, खरखरीत पुट धरतं. खरवडूनही लवकर निघत नाही. ते पुट म्हणजे पाण्यात विरघळलेला चुना. जिऊझायगोऊचे डोंगर चुनखडीचे आहेत. पाऊस आणि बर्फाचं पाणी मातीत मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड वायू सोबत घेतं, त्यानं ते किंचित आंबट होतं आणि चुनखडी विरघळवत खाली जातं. पुढे ते झऱ्यातून बाहेर येतं, दगडांवर आपटतं, तेव्हा सोड्याची बाटली उघडल्यासारखा तो वायू उडून जातो. वायू गेला की चुना पाण्यात राहू शकत नाही. तो जे सापडेल त्याला चिकटतो. पडलेली फांदी, शेवाळ, दगड, सगळ्यांवर थर चढतो. अशा थरांचे हळूहळू बांध तयार झाले, बांधांमागे पाणी अडलं आणि तळी बनली. आपण ओढ्यावर दगड-मातीचे बांध घालतो, तिथे पाण्यानं स्वतःच आपले बांध घातले आहेत आणि त्याला हजारो वर्षं लागली आहेत.

आता रंग. स्वच्छ, खोल पाणी उजेडातला तांबडा भाग गिळतं आणि निळा परत पाठवतं. तळाला पांढरा चुना असल्यामुळे तो निळा आणखी उजळ दिसतो. त्यात कुठे हिरवं-पिवळं शेवाळ, कुठे काठावरच्या झाडांची सावली. ऑक्टोबरात झाडांची पानं लाल-पिवळी होतात, तेव्हा सगळ्यात जास्त गर्दी असते.

तिथल्या लोकांची गोष्ट मात्र वेगळी आहे. दागे नावाच्या डोंगरदेवानं सेमो या देवीला वारा आणि ढग घोटून केलेला आरसा दिला. एका राक्षसानं घात केला, आरसा तिच्या हातून पडला आणि त्याचे तुकडे दरीभर विखुरले. तीच ही तळी. एका छोट्या तळ्यावर सेमो केस धुवायला यायची, असंही सांगतात. आम्हाला चुन्याची गोष्टही पटते आणि आरशाचीही आवडते.

सगळ्यात वर आहे लांब तळं. ते ३००० मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि काही ठिकाणी शंभर मीटर खोल. बेचकी फुटते तिथे नुओरिलांग धबधबा. तो उंचीला फार नाही, वीस-पंचवीस मीटर, पण रुंदी तीनशे मीटरच्या आसपास. झाडाझुडपांतून, शेकडो धारांनी पाणी उतरतं. जंगलात सोनेरी केसांची माकडं आहेत, थोडे पांडाही आहेत, पण ते पर्यटकाला दिसणं अवघड.

शुझेंग हे नऊपैकी एक गाव रस्त्यालगतच आहे. लाकडी घरं, रंगवलेल्या चौकटी, पांढरे स्तूप, वाऱ्यावर फडफडणाऱ्या मंत्रांच्या पताका. ओढ्यावर पाण्यानं फिरणारी जुनी दगडी चक्की आहे, आणि त्याच पाण्यानं फिरणारं मंत्राचं चाकही. एकच ओढा पीठ दळतो आणि जपही करतो! तिथलं जुनं खाणं म्हणजे जव भाजून केलेलं पीठ, त्याला ते चाम्पा म्हणतात. आपलं सातूचं पीठच समजा. आपण गूळ-दूध घालतो, ते लोणी आणि मीठ घातलेल्या चहात कालवतात. इथल्या बऱ्याच लोकांचा धर्म बोन नावाचा, बौद्ध धर्म येण्याआधीपासूनचा. बोन लोक पवित्र डोंगराला प्रदक्षिणा घालतात ती आपल्या उलट दिशेनं.

आता कामाची गोष्ट. दरी जगाला कळली ती लाकडामुळे. १९६०च्या दशकात तिथे सरकारी लाकूडतोड सुरू झाली. जुनी झाडं पडू लागली, उघड्या उतारांवरून माती खाली येऊ लागली. १९७८ साली दरी राखीव क्षेत्र झाली आणि तोड थांबवली गेली. १९८४ला पर्यटकांसाठी दार उघडलं, त्या वर्षी पाच हजारांच्या आसपास लोक आले. १९९२ला युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. २००२पर्यंत वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसं येऊ लागली. दुसऱ्या वर्षी जवळ विमानतळ झाला.

सुरुवातीची वर्षं गावकऱ्यांची होती. आत मुक्काम करायची परवानगी होती, म्हणून जवळजवळ प्रत्येक घरानं खोल्या बांधल्या. पाहुणे घरात राहायचे, घरातलं खायचे. हातात रोख पैसा आला. पण सांडपाणी, साबण, मैला, कचरा या सगळ्याला उतार एकच होता, तळ्याकडे. पाण्यात असलं काही मिसळलं की शेवाळ माजतं, आणि रंग गेला तर पाहायला येणार कोण? म्हणून १९९९पासून एकामागून एक नियम आले. खाजगी गाड्या बंद, फक्त दरीच्या बस. पायी चालायला लाकडी पूल, जेणेकरून चुन्याच्या थरावर पाय पडू नये. उतारावरची शेती बंद करून तिथे झाडं. गुरं चारणं बंद. आणि २००१च्या सुमारास मोठा नियम आला: फिरायचं आत, राहायचं बाहेर. गावातल्या खोल्या बंद झाल्या. शौचालयांचा मैलाही दरीबाहेर वाहून नेतात.

तळ्यांच्या दृष्टीनं नियम बरोबर होता, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण घरातल्या बाईच्या दृष्टीनं पाहा. शेत गेलं, गुरं गेली आणि आता खोल्याही गेल्या. दरीच्या बाहेर रस्त्यालगत मोठमोठी हॉटेलं उभी राहिली. त्यांना लागणारं भांडवल गावातल्या घराकडे कुठून येणार?

नुसती बंदी घालून प्रशासन थांबलं नाही, हे मात्र सांगायला हवं. तिकिटाच्या पैशातला ठरलेला वाटा रहिवाशांना मिळू लागला. आत दुपारच्या जेवणाचं एक मोठं केंद्र उभं केलं, त्यात रहिवाशांचं भांडवल घेतलं, म्हणजे ते नोकर नाहीत, भागीदार झाले. झाडलोट, राखण, आगीवर नजर अशी कामं गावातल्या माणसांना दिली. कोणी दागिन्यांची, कपड्यांची दुकानं मांडली. पाहुण्यांना तिबेटी पोशाख भाड्यानं देऊन फोटो काढणं हाही धंदा चालला. आम्हाला यातला भागीदारीचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. दुकान आज चालेल, उद्या नाही. तिकिटातला वाटा कागदावर असतो, तो मागता येतो. आपल्याकडे एखाद्या ठिकाणी प्रवेश शुल्क किंवा वाहनतळाची पावती सुरू व्हायची असेल, तर ग्रामसभेत पहिल्या दिवशीच हा विषय काढावा. ठेका देऊन झाल्यावर नाही.

गर्दीचंही ऐका. २ ऑक्टोबर २०१३, चीनमधली राष्ट्रीय सुट्टी. बसची वाट पाहून कंटाळलेले लोक रस्त्यावर उतरले, त्यांनी बस अडवल्या, मग एकही बस हलेना. हजारो माणसं, म्हातारी आणि लेकुरवाळी, रात्री अंधारात डोंगरात अडकली. काही जण कित्येक किलोमीटर चालत खाली आले.

आणि मग निसर्गानं आपला हिशोब मांडला. २००८च्या मे महिन्यात याच भागात वेन्चुआनचा महाभूकंप झाला. दरी वाचली, पण रस्ते तुटले आणि पर्यटक आटले. ८ ऑगस्ट २०१७च्या रात्री तर भूकंप दरीजवळच झाला, चिनी नोंदीप्रमाणे ७ तीव्रतेचा. पंचवीस माणसं गेली, शेकडो जखमी झाली. ठिणगीचं तळं नावाच्या तळ्याचा बांध फुटला आणि ते रिकामं झालं. नुओरिलांगचा काही भाग ढासळला. दरीचं दार बंद झालं. मध्ये काही महिने थोडा भाग उघडला, पण पावसात दरडी आल्या, पुन्हा बंद. सप्टेंबर २०१९मध्ये रोजची संख्या मर्यादित ठेवून दार उघडलं, तोच काही महिन्यांत करोना.

ज्या घरांनी शेती आणि गुरं दोन्ही सोडली होती, त्यांच्यासाठी ही वर्षं कशी गेली असतील? एकाच पिकावर सगळं रान लावल्यासारखं झालं. म्हणून गटातल्या मैत्रिणींनी पाहुण्यांसाठी खोली काढली, तरी शेळ्या विकू नयेत आणि परसबाग मोडू नये, असं आमचं मत आहे.

ठिणगीच्या तळ्याचं पुढे काय झालं ते ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. बांध सिमेंटनं बुजवला नाही, कारण ते त्या पाण्याला आणि थराला परकं. चुन्यात चिकट तांदळाची खळ कालवून केलेला चीनमधला जुना गिलावा त्यांनी सुधारून वापरला. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ, बेलफळ, उडीद घालत असं म्हातारी माणसं सांगतात, त्याच जातीची ही युक्ती. आता तळं पुन्हा भरलं आहे, रंगही आला आहे. नुओरिलांग मात्र पहिल्यासारखा नाही, ढासळलेल्या जागेतून पाणी नव्या धारांनी पडतं.

२०२४च्या ऑगस्टपासून छंग्दू शहरातून आगगाडीनं दोन तासांच्या आत जवळच्या स्थानकापर्यंत पोहोचता येतं, पुढे बस. पूर्वी याच वाटेला मोटारीनं अख्खा दिवस जायचा. विमानानं जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. विमानतळ ३४०० मीटरहून उंच आहे. उतरल्याबरोबर डोकं दुखतं, दम लागतो, तेव्हा पहिला दिवस सावकाश चालावं आणि पाणी भरपूर प्यावं. रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावं.