कुपनांचे अर्थशास्त्र : एक शतांश सेंटाचा मामला

हिरव्या तिकिटांवर मिळणाऱ्या बक्षिसांच्या सूचिपत्राची पाने आज उलटण्याचे गेल्या आठवड्यात कबूल केले होते खरे. परंतु मध्यंतरी सांगलीच्या एका वाचकभगिनींचे पत्र आले, आणि त्यांनी माझ्या फार दिवसांच्या छंदालाच हात घातल्यामुळे सूचिपत्र तूर्त मिटून ठेवतो. अमेरिकेतील कन्येने धाडलेल्या साबणाच्या खोक्यात त्यांना एक कुपन सापडले. दुसरी वडी त्यावर फुकट मिळते, आणि तळाशी मात्र मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत ‘रोख मूल्य १/१०० सेंट’ असा मजकूर आहे. म्हणजे दहा हजार कुपने जमवावीत तेव्हा एक डॉलर! ही थट्टा कशासाठी, असे त्या विचारतात.

ही थट्टा नव्हे, कायद्याची अवकृपा टाळण्यासाठी बांधलेला ताईत आहे. १८९६ साली अमेरिकेत स्पेरी आणि हचिन्सन या जोडीने आपली पेढी काढली, दुकानदार तिच्याकडून ही हिरवी तिकिटे विकत घेऊन दहा सेंटांच्या खरेदीमागे एक याप्रमाणे गिऱ्हाइकास देऊ लागले, आणि बाराशे तिकिटांची वही भरली की तिच्या मोबदल्यात चादर, दिवा किंवा तत्सम गृहोपयोगी वस्तू पदरात पाडून घेता येऊ लागली, हे नियमित वाचकांस ठाऊकच आहे. या व्यवस्थेबाहेर राहिलेल्या दुकानदारांनी मात्र राज्याराज्यांच्या विधिमंडळांकडे दाद मागितली. बक्षिसाची किंमत मालाच्या भावातच मुरलेली असते, ही त्यांची तक्रार मत्सरातून उपजली असली तरी खोटी नव्हती. अर्धीच भरलेली वही घेऊन बसलेल्या गृहिणीने तर बक्षिसाचे पैसे मोजलेले असत आणि बक्षीस मात्र मिळालेले नसे. यावर १९०४ साली न्यूयॉर्कने तोड काढली ती अशी, की तिकिटावर रोख मूल्य छापलेच पाहिजे. फ्लॉरिडाने अशा व्यापारावर जबर परवानापट्टी बसविली, आणि ती १९१६ साली सर्वोच्च न्यायालयातही टिकली.

कित्येक तिकिटांवर मग एक मिल, म्हणजे सेंटाचा दशांश, असे मूल्य झळकू लागले. त्या दराने १२० डॉलरांच्या खरेदीने भरलेल्या वहीचे रोख १ डॉलर २० सेंट होतात. वस्तू घेणेच शहाणपणाचे, हे गिऱ्हाइकास निराळे सांगावे लागत नसे. माझ्या मते त्या आकड्याचा खरा हेतूही तोच होता.

आता साबणाचे कुपन हे काही वहीत चिकटवायचे तिकीट नव्हे. परंतु कित्येक राज्यांच्या कायद्यांनी दोहोंस एकाच दावणीला बांधले, आणि एकच कुपन देशभर वाटणाऱ्या कारखानदारास राज्यागणिक निराळी छपाई परवडण्याजोगी नसल्यामुळे तो सर्वत्र तेच बारीक अक्षर छापतो. आकडा असावा एवढेच कायद्याने सांगितले. तो किती असावा हे सांगितले नाही, आणि कारखानदारांनी या मौनाचा पुरेपूर लाभ उठविला.

इंग्रजांनी हा कज्जा अधिक नेटाने चालविला. रिचर्ड टॉम्पकिन्स यांच्या ‘ग्रीन शील्ड’ तिकिटांचा सुकाळ झाला असता १९६४ च्या कायद्याने तिकिटाच्या दर्शनी बाजूस रोख मूल्य सक्तीचे केलेच, शिवाय पाच शिलिंगांची तिकिटे साठली की रोकड मागण्याचा हक्कही दिला. पुढे १९७७ मध्ये टेस्को या दुकानसाखळीने ही तिकिटे टाकली, तरी कायदा २००५ पर्यंत दप्तरी राहिला.

तेव्हा सांगलीच्या भगिनींनी कुपन रोख वटविण्याच्या भरीस पडू नये. मुदत उलटली नसेल तर ते कन्येकडे परत धाडून वडी पदरात पाडून घ्यावी. टपालखर्चाचा हिशेब त्यांनी मला विचारू नये. सूचिपत्र पुढील आठवड्यात, बहुधा.