रक्त परतल्यावर हृदयाचा जमाखर्च

परळ-लालबागच्या गिरण्यांनी एके काळी रत्नागिरीच्या घराघरांतील चाकरमानी पोसला. त्याच परळमध्ये, के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले. रोगी काही तासांतच दगावला. परंतु अशा प्रत्येक शस्त्रक्रियेत एक प्रश्न उभा राहतो. काही काळ रक्तावाचून राहिलेल्या हृदयाला रक्त पुन्हा मिळाले, की ते लगेच पूर्ववत काम करू लागते काय? झटक्यानंतर तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केली, तेव्हाही प्रश्न हाच असतो.

आम्ही डॉक्टर नाही. मजुरांत वावरलेली माणसे. म्हणून मजुरीच्या हिशेबानेच सांगतो. हृदय दिवसाला सुमारे 1 लाख ठोके देते. प्रत्येक ठोक्याची मजुरी एटीपी नावाच्या द्रव्यात चुकती होते. शिल्लक मात्र काही ठोक्यांपुरतीच. म्हणजे हातावर पोट! हे नाणे पेशींतील तंतुकणिका पाडतात व त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. इंधन मुख्यतः स्निग्धाम्ले, थोडी साखर.

रक्त थांबले की पेशी प्राणवायूवाचून साखर मोडून कसेबसे भागवते. त्यात उत्पन्न तुटपुंजे, आणि आम्ल साचत जाते.

रक्त परतताच तंतुकणिका पुन्हा चालू होतात. पण त्या प्रामुख्याने स्निग्धाम्लेच जाळू लागतात. तेवढ्याच एटीपीसाठी या इंधनाला साखरेपेक्षा प्राणवायू अधिक लागतो. साखर अर्धवटच मोडली जाते आणि आम्ल होतच राहते. आम्ल बाहेर टाकताना पेशीत सोडियम शिरते. सोडियम काढताना कॅल्शियम शिरते. हा उपसा करण्यात एटीपी खर्ची पडते आणि आकुंचनाच्या वाट्याला कमी येते. कॅल्शियम फारच साचले, तर तंतुकणिकांची आवरणे निकामी होऊन पेशी मरते. वाचलेला स्नायूही काही तास, कधी काही दिवस वा आठवडे मंद राहतो. ब्राउनवाल्ड व क्लोनर यांनी 1982 मध्ये या स्थितीला नाव दिले. आपण त्याला 'स्तब्ध स्नायू' म्हणू. तो मेलेला नसतो; सावरत असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. छातीत कळ आली की 'गॅस झाला' म्हणून ओवा चावत बसू नये. रक्त जितके उशिरा परतेल, तितका स्नायू अधिक मरतो. दुसरे असे की, वाहिनी उघडली म्हणजे माणूस लगेच पाळीवर जाण्यास लायक झाला, असे मालकाने समजू नये आणि कामगारानेही समजू नये. कामगार राज्य विमा योजनेत विमेदाराला आजारपणाचा भत्ता वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळू शकतो. डॉक्टर सांगतील तितके दिवस तो घ्यावा. ती भीक नव्हे, हक्क होय.