पास आउट : बाहेर पडलो की बेशुद्ध पडलो?

निकाल लागले की आपल्याकडे एक शब्द जिकडेतिकडे ऐकू येतो, 'पासआउट'. "ताई कुठल्या वर्षीची पासआउट?" "मी २०२३ची." नोकरीच्या जाहिरातीत, बायोडेटात, व्हॉट्सॲप ग्रुपच्या नावातसुद्धा तो असतो. पण अमेरिकन माणसाला "आय पास्ड आउट इन २०२३" असं सांगितलं, तर तो काळजीने विचारेल, "मग दवाखान्यात नेलं का?" त्याच्या इंग्रजीत 'पास आउट' म्हणजे चक्कर येऊन पडणे, शुद्ध हरपणे.

मग आपण चुकीचं बोलतो का? तसं नाही. जरा मुळापासून पाहू.

'पास आउट' हे फ्रेझल व्हर्ब आहे. क्रियापदाला आउट, अप, ऑफ असा छोटा शब्द जोडला की नवा अर्थ तयार होतो, आणि तो नुसती बेरीज करून कळेलच असं नाही. मराठीला हे नवं नाही बरं का! आपलं 'पडणे' घ्या. लग्न पार पडतं, माणूस आजारी पडतो, शेजारी उपयोगी पडतो. यात धपकन खाली कोणीच पडत नाही. गंमत म्हणजे 'पास आउट'चे दोन्ही अर्थ मराठीत 'पडणे'नेच सांगता येतात: कॉलेजातून बाहेर पडणे आणि बेशुद्ध पडणे.

'पास'च्या मुळाशी लॅटिनमधला पाऊल या अर्थाचा शब्द आहे. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. पाऊल टाकत पुढे जाणे, ओलांडणे हा त्याचा जुना अर्थ. ब्रिटनमधल्या लष्करी संस्थांत प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या कॅडेटसाठी 'पास आउट' रूढ झालं, आणि तिथे आजही सैन्यात आणि पोलिसांत ते चालतं. आपल्याकडे खडकवासल्याच्या एनडीएत 'पासिंग आउट परेड' होते, नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतही होते. मराठी वर्तमानपत्रं तिला 'दीक्षांत संचलन' म्हणतात. भारतात मात्र हा शब्द परेडच्या मैदानापुरता राहिला नाही, कॉलेजातही स्थिरावला. शुद्ध हरपण्याचा अर्थ नंतरचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन बोलीत आलेला.

आता आपला 'उत्तीर्ण' पाहा. उद् आणि तॄ, म्हणजे पाण्यातून तरून पार झालेला. नदीला 'उतार' मिळणे यातला उतारही त्याच घराण्यातला. खानदेशातून तापीच्या सोबतीने सुरतेला आलेल्या, लिंबायत-उधन्यात राहणाऱ्या आपल्या घरांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. इंग्रजीतला 'पास' ओलांडून जातो, मराठीतला 'उत्तीर्ण' काठाला लागतो. कल्पना एकच!

खरी चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. 'मी पास झालो' यातल्या 'झालो'चं आपण 'वॉज' करतो आणि अर्जात लिहितो, "आय वॉज पास्ड आउट इन २०२३." याचा सरळ अर्थ, '२०२३ साली मी बेशुद्ध होतो'! "आय ॲम पासआउट फ्रॉम..." हेही व्याकरणात बसत नाही. भारतीय इंग्रजीत लिहायचंच तर "आय पास्ड आउट ऑफ कॉलेज इन २०२३" असं लिहा. मध्ये 'वॉज' नको.

आणखी एक अर्थ लक्षात ठेवा: वाटणे. "टीचर पास्ड आउट द पेपर्स" म्हणजे बाईंनी पेपर वाटले. इथे कर्म मधेही येतं, "पास्ड द पेपर्स आउट". बाकी दोन अर्थांत असं कर्म येत नाही. आणि 'पास अवे' मात्र जपून, त्याचा अर्थ वारणे!

सुरतेतला अर्ज आज टेक्सटाइल किंवा हिऱ्यांच्या ऑफिसातून परदेशी माणसाच्या टेबलावरही जाऊ शकतो. म्हणून घरी, मित्रांत, इथल्या कंपनीत 'पासआउट' बिनधास्त म्हणा. बाहेरगावच्या ईमेलमध्ये मात्र "आय ग्रॅज्युएटेड इन २०२३" लिहा. पदवी अजून हातात नसेल, फक्त बारावी झाली असेल, तर "आय कम्प्लीटेड ट्वेल्थ स्टँडर्ड". वाचणाऱ्याला तुमच्या तब्येतीची चौकशी करावी लागणार नाही, आणि मुलाखतीत बोलणं थेट तुमच्या कामावर येईल.