विधानसभेतून लोकसभेत : माणिकराव गावित यांची संसदीय वाटचाल

नंदुरबार जिल्ह्याच्या राजकीय इतिहासात माणिकराव होडल्या गावित यांचे स्थान असाधारण आहे; कारण नवापूर तालुक्यातील आदिवासी समाजातून आलेल्या या नेत्याने 1980मध्ये महाराष्ट्र विधानसभेत प्रवेश केला आणि पुढच्याच वर्षी पोटनिवडणुकीतून ते लोकसभेवर गेले. एकाच व्यक्तीला राज्य विधिमंडळ आणि संसद या दोन्हींचे सदस्यत्व एकाच वेळी टिकवता येत नाही, अशी राज्यघटनेच्या अनुच्छेद 101मध्ये तरतूद असल्याने दिल्लीची निवड म्हणजे विधानसभेचा निरोपच होता.

नंदुरबार हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे, म्हणजे तेथे मतदान सर्व समाजांचे मतदार करतात, मात्र उमेदवार अनुसूचित जमातीचाच असावा लागतो. या मतदारसंघाने काँग्रेसच्या गावितांना 1981 ते 2009 या काळात सलग नऊ वेळा निवडून दिले. 2004मध्ये ते केंद्रात गृह राज्यमंत्री झाले आणि 2009मध्ये त्यांच्याकडे लोकसभेचे हंगामी अध्यक्षपद आले. नव्या सदस्यांना शपथ देणे आणि कायम अध्यक्षाची निवड होईपर्यंत कामकाज चालवणे, ही त्या पदाची जबाबदारी असते. 2014मध्ये भाजपच्या हीना गावित यांनी त्यांचा पराभव केला आणि 2022मध्ये त्यांचे निधन झाले.

नंदुरबारचा एक आदिवासी प्रतिनिधी लोकसभेत अध्यक्षस्थानी बसला, ही घटना राखीव प्रतिनिधित्वाच्या तत्त्वाचे महत्त्व अधोरेखित करते.