किलोला पाव, तर अडीच किलोला किती?

जून २०१९ मध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं आणि महाराष्ट्रात वाद पेटला. पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं संख्यावाचन दिलं होतं. मराठीची मोडतोड झाली म्हणून विधिमंडळातही आवाज उठला. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या, ‘गणितगप्पा’ लिहून मुलांना गणिताची गोडी लावणाऱ्या. जुने शब्द काढलेले नाहीत, जोडाक्षरांत अडखळणाऱ्या मुलांसाठी एक सोपी वाट दिली आहे, असं त्या परोपरीनं सांगत होत्या. जुलै २०२३ मध्ये त्या गेल्या. वाद केव्हाच थंडावला, मुलांची अडचण आहे तिथेच आहे.

‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी कानावर पडतात, लिहिताना मात्र दोनाचा आकडा आधी. मूल ५२ लिहून मोकळं होतं. ‘एकोणतीस’मध्ये तर तिसातून एक वजा करायचा असतो. मुंबईच्या गिरणगावात या अडचणीला आणखी एक पदर आहे. कापड गिरण्यांमुळे वरळी-लोअर परळला स्थिरावलेल्या तेलुगू पद्मशाली कुटुंबांत एकवीसला ‘इरवै ओकटी’ म्हणतात, म्हणजे वीस आणि एक. कानडी, तमिळमध्येही क्रम हाच. मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते, तरी घरी एका भाषेत मोजणारी आणि वर्गात दुसऱ्या भाषेत मोजणारी मुलं असतातच. ‘तुझ्या घरी एकवीसला काय म्हणतात गं?’ असं बाईंनी विचारलं, तर दशक-एकक समजावायला त्याहून चांगलं साधन नाही. आणि जिला आजवर उत्तर येत नव्हतं, ती मुलगी त्या तासाला वर्गाला शिकवते.

संख्या कानांनी कळते, तशी बोटांनीही. दादरची कमला मेहता अंधशाळा १९०० सालची. अशा शाळांत अंध मुलं टेलर फ्रेम नावाच्या पाटीवर गणितं मांडतात. तिच्यात अष्टकोनी भोकं असतात आणि एकच खुंटी आठ दिशांना फिरवून आठ अंक होतात. उरलेले अंक आणि चिन्हं खुंटीच्या दुसऱ्या टोकानं. डोळस मुलांच्या वर्गातही ही पाटी एकदा हाती द्यायला हवी, असं मला फार वाटतं.

शाळेबाहेरचं गणित ऐकायला उन्हाळ्यात लालबागच्या मिरची गल्लीत जावं. बेडगी, संकेश्वरी, लवंगी निवडून बाया डंकावर मसाला कुटायला देतात. किलोभर मिरचीला पाव किलो धणे हे प्रमाण धरलं, तर अडीच किलोला किती? बाई क्षणात सांगते, अडीच पाव, म्हणजे सव्वासहाशे ग्रॅम. हाच हिशेब पाचवी-सहावीच्या वहीत अडीच गुणिले एक-चतुर्थांश, म्हणजे पाच-अष्टमांश, असा उतरतो आणि मुलाला घाम फुटतो. आपल्या जुन्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी होती. अपूर्णांक तोंडी येत असत. घोकंपट्टीच्या नावाखाली आपण तीही अडगळीत टाकली, हे मला पटत नाही. घोकणं सोडायचं होतं, पाव-पाऊण नव्हे.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीतल्या उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळकरी मुलांबरोबर काम केलं. राख्या बनवणं, कपड्यांवर खडे लावणं, शिवणकाम अशी कामं ही मुलं घरी पाहत होती, काही करतही होती. पैशांचे तोंडी हिशेब त्यांना छान जमत, अर्धा-पाव त्यांना ठाऊक होता. शाळेतलं गणित मात्र वेगळ्या कप्प्यात पडून होतं. पहिली-दुसरीतच हे कप्पे जोडायचे, तर अपूर्णांकाचं लेखन मागाहून यावं, आधी पाव, अर्धा, पाऊण वर्गात मोठ्यानं बोलले जावेत. आणि आठवड्याच्या गृहपाठात एक प्रश्न आई-बाबांसाठी असावा: तुम्ही कामावर काय मोजता, आणि कशानं?