कारण : घरदुरुस्ती

आमच्या पगारदार पतसंस्थेच्या अर्जात 'कर्जाचे कारण' असा एक रकाना होता. सातपूरच्या कारखान्यातले आमचे सभासद त्यात बहुतेक वेळा 'घरदुरुस्ती' लिहायचे. तेवढ्या दुरुस्त्या खरोखर झाल्या असत्या, तर निम्मं नाशिक नवंकोरं दिसलं असतं. बहिणीचं लग्न, मुलाचं डोनेशन, गावाकडची बोअर, भावकीतली कोर्टकचेरी, सगळं त्यातच मावायचं. संचालक मंडळ खोदून विचारायचं नाही. विचारायचे ते जामीनदार. दोघांच्या सह्या लागत, आणि शेजारच्या मशीनवरचा माणूस सही करण्याआधी चहाच्या टपरीवर सगळं काढून घ्यायचा. कशाला हवेत, फेडणार कसे, मागचं फिटलं का? कारण कर्ज थकलं की वसुली त्याच्याही पगारातून व्हायची.

ही पद्धत काही फार गोड नव्हती. दुसऱ्याच्या दारूपायी वर्षानुवर्षं हप्ते भरणारे जामीनदार मी सचिव म्हणून पाहिलेत, त्यांच्या बायकांचे शापही ऐकलेत. पण कर्ज काढायचं तर चारचौघांत तोंड उघडावं लागे. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ती गरजच संपली. आता फोनवर दोन-तीन बटणं दाबली की पैसे खात्यात येतात. शेजारच्या मशीनवाल्याला सोडा, घरातल्या माणसालाही कळत नाही.

एका सभासदाचा हिशेब सांगते. पगार 61,000 रुपये. भविष्य निर्वाह निधी 3,600, व्यवसाय कर 200, आमची वर्गणी आणि जुन्या कर्जाचा हप्ता मिळून 8,400. हातात 48,800. पगारपत्रक बघितलं तर माणूस एकदम सुखवस्तू, कपात जेमतेम 20 टक्के. खरी कपात महिन्याच्या पाच तारखेला बँकेतून व्हायची. घराचं कर्ज 30 लाखांचं, हप्ता 23,259. गाडीचं 6 लाखांचं, सात वर्षं मुदतीचं, हप्ता 9,653. म्हणजे पगारातले 74 टक्के रुपये घरी यायच्या आधीच गेलेले. उरलेल्या 15,888 मध्ये चार माणसांचं किराणा-दूध, शाळा, पेट्रोल, सोसायटीचा मेंटेनन्स.

वडीलधारी मंडळी अशांना सांगतात, हॉटेलात जाऊ नका, पिझ्झा मागवू नका. मला हा उपदेश अर्धवट वाटतो. या माणसाने महिनाभर पिझ्झा मागवला नसता तर हजारभर रुपये वाचले असते. त्याचं घर बुडत होतं ते दोन सह्यांमुळे, एक फ्लॅटच्या कागदावर केलेली आणि दुसरी गाडीच्या. त्यातही फ्लॅट मी समजू शकते. गाडी मात्र साडूने घेतली म्हणून आली होती, हे त्यानेच सांगितलं.

तूट भरून निघायची क्रेडिट कार्डावर. "ताई, कार्डाचं बिल मी एकदाही चुकवलेलं नाही," तो छाती पुढे काढून म्हणाला. खरंच होतं ते. दर महिन्याला तो 'किमान देय रक्कम' भरत होता, त्यामुळे बँकेचा कधी फोन नाही, दंड नाही. थकबाकी 1,20,000. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 4,200, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, 756. एकूण देण्याच्या पाच टक्के भरायचे, म्हणजे 6,248. ते भरल्यावर मुद्दल कमी व्हायचं फक्त 1,292 रुपयांनी. शिवाय पूर्ण बिल न भरणाऱ्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. कार्डावर घेतलेल्या तांदळावर आणि तेलावर खरेदीच्या दिवसापासून व्याज चढायचं. वर्षाला 42 टक्क्यांनी किराणा भरणारा माणूस होता तो! रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, किमान रक्कमच भरत राहिलात तर कर्ज वर्षानुवर्षं रेंगाळेल अशी सूचना बिलावर छापावी लागते. त्याच्याही बिलावर ती होती, बारीक अक्षरात. 'नो कॉस्ट ईएमआय'चं तेच. शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना लिहून कळवलंय. तरी दसऱ्या-दिवाळीला पाट्या लागतातच.

आणि वरचा हिशेब घरकर्जाचे दर वाढण्याआधीचा आहे. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. त्याचं कर्ज रेपोशी जोडलेलं, 2021 मध्ये 7 टक्क्यांनी घेतलेलं, ते साडेनऊवर पोचलं. 30 लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याजच 23,750 होतं, म्हणजे मूळ हप्त्याहूनही जास्त. त्याचं थोडं मुद्दल फिटलेलं होतं म्हणून वेळ निभावली. बँकेने आधी मुदत वाढवली, मग हप्ताही. हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारावं असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं ते ऑगस्ट 2023 मध्ये. 2025 मध्ये दर उतरले, पण अनेकांचे हप्ते तेवढेच राहिले आणि मुदत कमी झाली. हप्ताच कमी हवा असेल तर बँकेत जाऊन तसा अर्ज द्यावा लागतो. हे किती जण करतात?

आम्ही त्याला 11 टक्क्यांनी कर्ज देऊन कार्ड बंद करायला लावायचं ठरवलं. 1,20,000 ला पाच वर्षांसाठी हप्ता 2,609. कार्डाला जात होते त्याच्या निम्म्याहून कमी, आणि शेवटची तारीख ठरलेली. अडलं ते जामीनदारांपाशी. एकाने अट घातली की कार्डाची गोष्ट आधी बायकोला सांग. ती दोन दिवस बोलली नाही, मग अर्जावर सही करायला स्वतः आली.

दुसरा म्हणाला, गाडी विक. चौकशी केली तर गाडीची किंमत उरलेल्या कर्जापेक्षा कमी. लांब मुदतीच्या गाडीकर्जात पहिली काही वर्षं असंच होतं, गाडी झपाट्याने जुनी होते आणि मुद्दल सावकाश फिटतं. विकायची तर पदरचे 50-60 हजार घालावे लागले असते, ते आणायचे कुठून? शेवटी गाडी राहिली. सही करणारा तो दुसरा जामीनदारच रोज तिच्यातून कामावर जायला लागला, पेट्रोलचे निम्मे पैसे देऊन.