जुनी मैत्री आणि आपली मराठी

मंडळी, आजचा विषय तसा साधा आहे. एखाद्या माणसाशी आपली तीस-चाळीस वर्षांची मैत्री आहे, हे आपण मराठीत कसं सांगतो? त्यातलं काय सहज सांगता येतं आणि कुठे भाषा अडखळते? अकोल्यात हा विषय बोलायला मला बरं वाटतं, कारण इथली उदाहरणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सापडतील.

सुरुवात क्रियापदापासून करू. आपण मैत्री 'करतो' असं फार कमी म्हणतो. 'त्याने साहेबांशी मैत्री केली' म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच वाटतं, काहीतरी काम असणार. खरी मैत्री होते, जमते, जुळते. म्हणजे वाक्यात कर्ता आपण नसतो, मैत्रीच असते. हे आजचं नाही. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगून झाली. तिच्या शेवटच्या पसायदानात 'मैत्र' हा शब्द 'पडणे' या क्रियापदाबरोबर येतो. गाठ पडते तसं मैत्र पडतं. सातशे वर्षांत क्रियापद बदललं, पण मैत्री आपोआप घडते ही समजूत तशीच राहिली.

आता काळाकडे या. 'आम्ही तीस वर्षांपासून मित्र आहोत.' क्रियापद वर्तमानकाळी. मैत्री चालू आहे तोवर 'आहोत'. 'आम्ही तीस वर्षं मित्र होतो' म्हणालात की समोरचा विचारणार, काय झालं? भांडलात का? नाहीतर तो माणूस गेला असं समजणार. एका 'होतो'ने एवढा फरक पडतो. अलीकडे मुलं 'आम्ही दहा वर्षं मित्र राहिलेलो आहोत' असं लिहितात. हे इंग्रजीवरून उचललेलं आहे, आपल्या कानाला ते टोचतं. आपल्याकडे सरळ 'दहा वर्षांची मैत्री आहे' किंवा 'आमच्या मैत्रीला दहा वर्षं झाली'. आणि वर्षं मोजायची नसतील तर 'चा-ची-चे' आहेच. शाळेतला मित्र, तालमीतला मित्र, होस्टेलचा मित्र, लहानपणापासूनचा मित्र. मैत्री किती जुनी ते आपण कितीदा तरी आकड्यात सांगतच नाही. ती कुठे सुरू झाली तेवढं सांगतो, बाकीचं ऐकणारा समजून घेतो.

शेतकरी माणूस तर 'मित्र' हा शब्दही फारसा वापरत नाही. तो म्हणेल, 'त्यांचा आमचा पैरा आहे.' एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक बैल, मिळून औत. किंवा भातलावणीला आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, ही सावड. ज्याच्याशी वडिलांच्या वेळेपासून पैरा चालत आला, तो कोण लागतो? नात्यातला नाही, पण परकाही नाही. ट्रॅक्टर आला, पैरा कमी झाला, आणि ती मैत्री सांगायचा एक शब्दही त्याबरोबर मागे पडला. 'घरोबा' मात्र टिकलाय. त्यात दोन माणसं नसतात, दोन घरं असतात.

संबोधनाचंही बघा. 'अरे-तुरे' हा जुन्या दोस्तांचा हक्क. पण 'तो एकेरीवर आला' म्हटलं तर भांडण झालं! तोच एकेरी, एकीकडे जवळीक, दुसरीकडे अपमान. एखादा मित्र मोठा अधिकारी झाला की चारचौघांत त्याला 'साहेब' म्हणायचं आणि घरात 'अरे'. घरातसुद्धा 'अहो' सुरू झालं, तर समजायचं की काहीतरी तुटलं.

आता जिथे भाषा अडखळते ते. 'लंगोटीयार' घ्या. 'यार' फारसीतून आलेला, 'लंगोटी' आपली. पोरं लंगोटीवर हिंडत होती तेव्हापासूनची दोस्ती. याचं स्त्रीलिंग सांगा. नाही. 'बालमैत्रीण' आहे, पण तो पुस्तकी. 'वर्गभगिनी' म्हटलं की हसू येतं. आणि पुरुषाने नुसतं 'माझी मैत्रीण' म्हटलं तर अजून काही ठिकाणी भुवया उंचावतात, मग बिचारा 'आमच्या वर्गातल्या ताई' म्हणून वेळ मारून नेतो.

कुणी म्हणेल, हा मराठीतल्या लिंगाचा दोष. मला तसं वाटत नाही. उत्तर युरोपात एस्टोनियन भाषा आहे, तिच्यात 'तो' आणि 'ती' दोघांना एकच सर्वनाम, 'तेमा'. व्याकरणात लिंगच नाही. मित्राला 'सोबेर' म्हणतात. तरीही मैत्रिणीसाठी त्यांनी 'सोब्रान्ना' हा वेगळा शब्द ठेवलाच. तेव्हा हे व्याकरणावर ढकलून चालणार नाही, आपल्या जगण्याकडे बघावं लागेल.

गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओव्यांमध्ये बायकांच्या मैत्रीला शब्द आहेत: सई, मैतरीण, आणि विशेष म्हणजे 'शेजी'. शेजी म्हणजे शेजारीण. हा शब्द फार काही सांगतो. पुरुषाची मैत्री बालपणापासून मोजली जाते, कारण तो त्याच गावात राहतो. बाई लग्न होऊन दुसऱ्या गावाला जाते, लहानपणची सई तिसऱ्या गावाला. मग तिची जुनी मैत्रीण कोण, तर जिच्या भिंतीला भिंत लागून आहे ती. चाळीस वर्षं शेजारी काढली तरी तिला हाक मारायची ती 'अमक्याची आई' म्हणूनच.

त्यात नाव बदलतं. आडनाव तर बदलतंच, पण कितीतरी घरांत तांदळात अंगठीने नवं नाव लिहून पहिलं नावही बदलायचे. त्या बाईला तिच्या मूळ नावाने हाक मारणारं कोण उरतं? माहेरची माणसं आणि लहानपणची मैत्रीण. आईवडील गेले की ती मैत्रीणच.

हल्ली गावोगावी दहावीच्या जुन्या बॅचेसची स्नेहसंमेलनं होतात. व्हॉट्सॲपवर ग्रुप होतो. मुलांचे नंबर दोन दिवसांत मिळतात. मुलींचे मिळवायला भावाकडे जा, मामाकडे जा, असं महिनाभर चालतं. आणि यादी तयार झाली की प्रत्येकीच्या नावापुढे, ओळखू यावी म्हणून, कंसात माहेरचं नाव घातलेलं असतं.